मिनिटसाहेबांचे बटण

अक्षराला हसू नये. चौथीनंतर पेन हातात आले ते सही करण्यापुरतेच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, जोडाक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतील आणि ओळ डावीकडून निघून उजवीकडे उतरणीला लागेल. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते, तेव्हा हसायला तसे कोणी येणार नाही. तरी आधी माफी मागून ठेवलेली बरी. मला माणसांसमोर बोलता येत नाही, वहीसमोर थोडे येते.

साहेबांचे नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. आम्ही समोर त्यांना नुसते साहेब म्हणायचो आणि पाठीमागे मिनिटसाहेब.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये तळमजल्यावर एमआरआयचे सेंटर होते. एका भिंतीपलीकडे जीन्स शिवायच्या मशिनी धडधडायच्या आणि अलीकडे आमचे हे मोठे लोहचुंबक. त्यात माणसाला आडवे सरकवायचे आणि त्याच्या पाठीचे आतले फोटो काढायचे. मशीन बाहेरदेशातून जुने आणलेले होते आणि फार हळू. नुसत्या कंबरेचे फोटो म्हणजे पाऊण तास, तोही न हलता. साहेब ते मशीन चालवायचे. मी झाडलोट करायची, चादरी बदलायची आणि आत जाणाऱ्याच्या अंगावरचे सगळे लोखंड, सोने, चांदी उतरवून घ्यायची.

साहेबांचे वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये, एकटेच. अंगकाठी अशी की शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. सेंटरवर ते नाडीचा लेंगा घालून यायचे. कारण असे की चुंबकाच्या खोलीत पट्टा, चेन काही चालत नाही, आणि पट्टा काढायला घालायला त्यांना चाळीस सेकंद लागतात असे त्यांनी मोजले होते. दिवसातून वीस वेळा आत जायचे म्हणजे किती होतात, ते त्यांनी मला सांगितले होते, मी विसरले. सेंटरचे मालक सिंधी सेठ होते. ते कपाळाला हात लावायचे.

"साईं, कुछ तो ढंग का पहनो. पेशंट अंदर आता है तो समझता है मरीज तुम हो."

"सेठ, पेशंटला फोटो हवा. माझी पँट नको," साहेब मराठीतच म्हणायचे. सेठ हिंदीत आणि साहेब मराठीत, असे त्यांचे भांडण वर्षानुवर्षे चालले आणि दोघांना दुसऱ्याचे सगळे समजत होते.

आतमध्ये घड्याळही नेता येत नाही. चुंबक ते खराब करते. पेशंट मात्र सगळ्यात आधी विचारतो, किती वेळ? पाऊण तास म्हटले की माणूस घाबरतो आणि घाबरला की हलतो. म्हणून साहेबांनी प्रत्येकाला त्याच्याच घरचे माप द्यायला सुरुवात केली. साडीच्या दुकानदाराला ते एकदा म्हणाले, "एक ग्राहक आये, सब साड़ी खुलवाये, और बिना लिये चला जाये, बस उतना टाइम."

"बाप रे! वो तो बहुत लंबा है, साईं."

"पर आप हिलते हो क्या उस टाइम?"

"नहीं. मैं तो पत्थर हो जाता हूँ."

"तो पत्थर हो जाओ."

तो माणूस खरेच दगडासारखा पडून राहिला. पण बदलापूरच्या पलीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने साहेबांना खिंडीत गाठले होते. साहेब म्हणाले, "बाबा, तांदूळ वैरल्यापासून भात उतरवेपर्यंत. दोनदा."

"चुलीवं का श्टोवर?"

"चुलीवर."

"लाकडं सुकी का वली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पदरात तोंड लपवले. "सुकी," ते म्हणाले.

"मंग जमल."

साहेबांच्या टेबलावर एक वही असायची. त्यात कोणत्या पेशंटचा कशात किती वेळ गेला ते लिहिलेले. एके दिवशी त्यांनी मला बोलावले. "बाई, मशीन हळू आहे ते आहेच, पण बायकांच्या बाबतीत दहा दहा मिनिटं दाराबाहेर जातात. तिथे काय चालतं?"

मी खाली बघत सांगितले, "मंगळसूत्र काढत नाहीत."

"का?"

हा प्रश्न फक्त लग्न न झालेला माणूसच विचारू शकतो. दुसऱ्या दिवशी घरून येताना हळकुंडे आणली, पिवळ्या दोऱ्यात एक एक बांधले आणि डबीत ठेवली. बाई आली की आधी तिच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र काढून तिच्याच हातरुमालात गुंडाळायचे. गळा रिकामा राहत नाही. आमच्याकडे मंगळसूत्र तुटले, गाठवायला दिले तर असेच करतात, नवे काही नाही. साहेबांनी आठवडाभर वेळ मोजला. दहा मिनिटांची दोन झाली. त्यांनी त्या डबीवर चिठ्ठी चिकटवली, "यंत्राचा सुटा भाग. हलवू नये."

दुसरा सुटा भाग म्हणजे माशाच्या तेलाच्या गोळ्या. त्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या फोटोत पांढऱ्याशुभ्र ठिपक्यासारख्या दिसतात. पेशंटच्या पाठीवर दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टीने लावल्या की वरच्या अर्ध्या पाठीचा फोटो आणि खालच्या अर्ध्याचा फोटो कुठे जुळतो ते कळते. युक्ती साहेबांची, पण ते पक्के शाकाहारी. गोळीला हात लावायचे नाहीत. मीच लावायची. ते दोन हात लांब उभे राहून, नाकाला रुमाल धरून सांगायचे, "थोडी वर. डावीकडे. हां." गोळीला वास नसतो हे मी त्यांना कितीदा सांगितले.

"तुम्हाला येणार नाही," ते म्हणायचे. "तुम्हाला सवय आहे."

एकदा एक गोळी काढायची माझ्याकडून राहिली. दुसऱ्या दिवशी तो पेशंट बायकोला घेऊन धावत आला. बायको म्हणत होती, "कल तक नहीं था डॉक्टर साहब, मशीन में से निकले और रात को पीठ पे ये मोती उग गया." साहेबांनी गंभीर चेहऱ्याने त्यांना बसवले आणि मला ऑपरेशन करायला सांगितले. मी पट्टी ओढून काढली. त्या बाईने माझ्या पायांना हात लावला तेव्हा मला जमिनीत जावेसे वाटले.

आता बटणाचे सांगते.

कंबरेचे फोटो काढायचे तर मशीन आधी मानेपासून माकडहाडापर्यंत सगळ्या पाठीचा एक धूसर फोटो काढते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असा. त्यावर माणसाने रेघा आखायच्या असतात, कुठल्या मणक्यात, किती तिरक्या. रेघ आखली की मशीन तिथला नीट फोटो काढणार. मग पुढची रेघ. रेघा आखेपर्यंत पेशंट आत पडूनच.

"यात पंचवीस मिनिटं मशीनची आहेत, बाई, आणि वीस माझी," साहेब म्हणायचे. "मशीनला मी लाज आणतो."

मग त्यांनी शिंप्याची टेप आणली. येणाऱ्या प्रत्येकाची उंची, मानेपासून माकडहाडापर्यंत पाठ, कमरेच्या हाडाची जागा, सगळे मोजून वहीत लिहायचे. सेठना मोजले, मला मोजले, चहावाल्याला मोजले. जीन्सच्या कारखान्यातल्या कारागिरांना वाटले, हा माणूस पाठीचे कपडे शिवतो. वर्षभर असे झाल्यावर त्यांनी ते सगळे आकडे मशीनमध्ये भरले. आता उंची टाकून एक बटण दाबले की रेघा आपोआप पडत आणि एकामागून एक फोटो निघत. जिथे मशीन एकच फोटो चारदा काढून त्यांची सरासरी करायचे, तिथे साहेबांनी दोनदावर आणले. पाऊण तासाची चौदा मिनिटे झाली. फोटोवर मणक्याचा आकडासुद्धा आपोआप छापून यायचा.

"उंची सांगा, कंबर सांगतो," असे ते येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायला लागले. ज्योतिषासारखे. सेठ तर बटणावर इतके खूश की त्यांनी साहेबांना पहिल्यांदा नवी पँट भेट दिली. साहेबांनी तिची चेन काढून नाडी घालून घेतली.

बटण बरोबर चालते की नाही ते तपासायचे काम माझ्याकडे. दुपारी पेशंट नसले की साहेब फोटो उजेडाच्या पेटीवर लावून द्यायचे. "मोजा. सात, बारा, पाच." मानेत सात, पाठीत बारा, कंबरेत पाच. चोवीस. मी पेन्सिलीच्या टोकाने वरून खाली मोजत जायची, गोळीच्या ठिपक्याशी वरचा फोटो सोडून खालचा धरायची, आणि कागदावर चोवीस लिहायची. शेकडो माणसांचे मोजले असतील. सगळे चोवीस. मला वाटायचे, शिकले असते तर गणित बरे आले असते.

त्या वर्षी आमच्या ह्यांची कंबर गेली. हे अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात ड्रम उचलायचे. ड्रम घेऊन पाय घसरला. मग डाव्या पायात अंगठ्यापर्यंत आग, पाय उचलला जाईना. कल्याणच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले, एमआरआय काढा, नस दबली आहे, ऑपरेशन लागेल, उशीर केलात तर पाय लुळा पडेल. लुळ्या पायाचा माणूस कारखाना ठेवणार नव्हता, आणि घरात दोन मुले.

भिशीचे आणि कारखान्याचे आगाऊ उचललेले मिळून साडेचार हजार मी सेठच्या काउंटरवर मोजले. ह्यांना मशीनवर चढवले. पाठीवर सरळ झोपले की ह्यांचा जीव जायचा. साहेबांनी विचारले, "कारखान्यात जेवणाची सुट्टी किती?"

"अर्धा तास."

"त्यातला निम्मा. भोंगा वाजला की बाहेर."

"निम्म्यात काय होतंय साहेब, हात धुण्यातच जातात," हे कळवळत म्हणाले, पण पडून राहिले. बटण दाबले. चौदा मिनिटे. माझ्या नवऱ्याला पाऊण तास झोपवता आलेच नसते. त्या दिवशी मला साहेब देवासारखे वाटले, लेंग्यातले का होईना.

सेंटरचे रिपोर्ट लिहिणाऱ्या ठाण्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहून रिपोर्ट दिला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. ऑपरेशन शुक्रवारी ठरले.

सोमवारी संध्याकाळी मी फोटोचे पाकीट घरी उघडले आणि खिडकीशी धरून सवयीने मोजले. सात. बारा. मग कंबर. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि खाली अजून एक.

मी परत मोजले. वरून मोजले, खालून मोजले. पंचवीसच.

मी कोणाला काही बोलले नाही. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलेला फोटो, साहेबांनी काढलेला, मशीनने आकडे छापलेला. आणि मी चौथी पास. मंगळवारी सेंटरवर गेले, साहेबांसमोर तीनदा उभी राहिले आणि तीनदा पाणी हवे का विचारून परत आले. पण बटणाने सरकलेल्या गादीवर जो आकडा छापला तो पाचच मणके धरून. डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी खालून मोजतात, हे साहेबांनीच मला कधीतरी सांगितले होते. मणके सहा असतील तर खालून मोजलेले दुसरेच येणार. ह्यांची भलतीच जागा उघडणार. मी रात्रभर तेच मोजत राहिले.

बुधवारी सकाळी साहेब यायच्या आत मी फोटो पेटीवर लावला, दिवा लावला आणि माझ्या कपाळाची टिकली काढून त्या सहाव्या मणक्यावर चिकटवली. मग फरशी पुसायला बसले.

साहेब आले. "ही टिकली कोणाची?"

"माझी."

"बाई, फोटोवर टिकल्या लावायच्या? तो काय देव आहे?"

"साहेब, मोजा."

मी त्यांना काही करायला सांगितले अशी ती पहिलीच वेळ. ते हसले. "कंबरेत पाचच असतात. राजा असो की हमाल."

"मोजा तुम्ही."

त्यांनी पेन्सिल घेतली. हसत हसत सुरू केले, सात, बारा. मग हसणे थांबले. खालून वर मोजले. चष्मा पुसून मोजले. मग चष्मा काढून मोजले, जणू चष्म्यानेच एक वाढवला होता. खुर्चीवर बसले.

"असतो," ते म्हणाले. "क्वचित एखाद्याला सहावा असतो. पुस्तकात आहे. मी शिकलोय. मी बटणाला सांगितलं नाही."

बाहेर दोन पेशंट बसले होते आणि साहेब घड्याळाकडे न बघता नुसते बसून राहिले. मला भीती वाटली.

मग उठून त्यांनी कल्याणला फोन लावला. "डॉक्टर, शुक्रवारचा पेशंट. आकडा चुकीचा छापलाय. मणके सहा आहेत. चूक रिपोर्टवाल्या डॉक्टरांची नाही, माझी आहे, माझ्या बटणाची." पलीकडचा आवाज इतका चढला की मला फरशीवर ऐकू आला. मग मैं कौनसा खोलनेवाला था, असे डॉक्टर विचारत होते. "चांगला," साहेब म्हणाले. "तुम्ही चांगला मणका उघडणार होता."

नवे फोटो हवे होते, नीट मोजलेले. सेठ म्हणाले, दुसऱ्यांदा मशीन लावले तर दुसऱ्यांदा पैसे. साहेब म्हणाले, तुमच्या जेवणाच्या वेळात मशीन रिकामेच असते. सेठ म्हणाले, "मशीन खाली है तो क्या, बिजली मेरा बाप देता है?" साहेबांनी विजेचे पैसे टेबलावर ठेवले. सेठनी ते ढकलून दिले आणि तणतणत जेवायला गेले. ते परत आले ते नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा. जेवणानंतर वामकुक्षी लागली म्हणाले. सेठ दुपारी कधी झोपत नसत.

साहेबांनी बटणाला हात लावला नाही. सगळ्या रेघा आधी कागदावर आखून ठेवल्या आणि ह्यांना तीन वेळा पाच-पाच मिनिटे झोपवून, मधे उठवून बसवून, हाताने फोटो काढले. मी चोवीस मोजून पंचविसावा दाखवला. साहेबांनी नवा आकडा पेनाने लिहिला, खाली सही केली.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झाले. योग्य जागी. दीड महिन्याने हे काठी घेऊन चालले, सहा महिन्यांनी काठी सोडली. कारखान्याने ड्रमवरून काढून गेटवर वजनकाट्याला बसवले.

साहेबांनी बटण महिनाभर बंद ठेवले. सेठनी डोके आपटले. पुन्हा सुरू केले तेव्हा बटणाच्या वर मोठ्या अक्षरात कागद होता, "आधी बाईंनी मोजायचे." पेशंट आत सरकला, धूसर फोटो आला की मी मोजायची, चोवीस म्हणायची, मगच साहेब बटण दाबायचे. त्यात दीड मिनिट जायचे. ते मिनिट त्यांनी वहीत कधी वाया गेलेल्यात लिहिले नाही.

पण एवढ्यावर त्यांचे समाधान झाले असते तर ते साहेब कसले. पुढच्या पगाराच्या रविवारी ते अंबरनाथला आमच्या खोलीच्या दारात उभे. हातात दीडशे रुपये.

"हे काय?" ह्यांनी विचारले.

"तुम्ही साडेचार हजार बरोबर फोटोचे दिलेत. मी चुकीचा दिला. पैसे परत. एकदम जमत नाहीत, तीस महिने लागतील."

"अहो, पण नंतर बरोबर काढलात की!"

"तो वेगळा. तो कर्तव्याचा होता."

"साहेब, आत तर या. उन्हात काय उभे राहता?"

"कर्जदाराने घरात बसू नये. चहा पिऊ नये," साहेब म्हणाले, पैसे उंबऱ्यावर ठेवले आणि निघाले.

आम्ही नको म्हटले, पैसे परत नेऊन दिले, ह्यांनी ओरडून पाहिले. काही उपयोग नाही. मी सेंटरवर नोटा परत ठेवल्या तर त्या पुढच्या रविवारी उंबऱ्यावर. दर महिन्याला ते यायचे, उन्हात, पावसात, दाराबाहेर उभे. शेजारणींना वाटले आम्हीच कर्ज काढले आहे आणि हा वसुलीवाला.

"किती राहिले गं अजून?" नळावर मला विचारायच्या.

"अठरा महिने," मी म्हणायची.

"व्याज पण लावतो का मेला? दिसतो तर गरीब."

"पक्का आहे," मी म्हणायची. खोटे काहीच नव्हते.

हे त्यांची चेष्टा करायचे. "साहेब, दारातून आत दोन पावलं. चुंबक नाही इथे, पट्टा चालतो." साहेब हसायचे पण उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा मुलाने पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन दिला, तेवढा घेतला. पाणी चालते म्हणाले, पाणी उपकारात येत नाही. जोराच्या पावसात एकदा छत्री मोडली तरी पागोळीखाली भिजत उभे राहिले, नोटा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या.

तिसाव्या महिन्यात ते आले तेव्हा हे घरी होते, गेटची ड्युटी संध्याकाळची होती. साहेबांनी दीडशे रुपये उंबऱ्यावर न ठेवता माझ्या हातात दिले. "मोजा," म्हणाले.

मी मोजले. आधीच्या एकोणतीस महिन्यांचे आणि हे. साडेचार हजार पूर्ण. "बरोबर आहेत, साहेब."

"बाकी काही नाही?"

"काही नाही."

साहेबांनी चपला काढल्या, त्या शेजारी शेजारी नीट लावल्या, आत आले आणि पंख्याखालच्या खाटेवर ऐसपैस बसले. भिंतीला पाठ टेकली. घर चारी बाजूंनी पाहून घेतले, अडीच वर्षे बाहेरून दिसत नव्हते ते सगळे.

"आता टाका चहा," म्हणाले. "साखर जरा जास्त. आणि घाई नाही."